भाकरी हवी, पण थापणार कोण?

एक छोटासा प्रयोग करा. हा पेपर हातात आहे तोवरच उठा, स्वयंपाकघरात जा आणि डब्यांचं कपाट उघडा. आतले सगळे पुडे, पाकिटं, बाटल्या ओट्यावर मांडा. प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. ती वाचा. त्या यादीत एखादं तरी नाव असं सापडलं, की जे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सुटं मागितलं तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील, तर तो पुडा बाजूला ठेवा. माल्टोडेक्स्ट्रिन, इनव्हर्ट सिरप, इमल्सिफायर वगैरे. शेवटी बाजूला काढलेले पुडे मोजा. हॉस्टेलवर राहत असाल तर कॉटखालची बॅग उघडा, काम आणखी लवकर होईल.

आमच्या घरी चौदा निघाले. चार माणसांचं घर, तेही बार्शीत. म्हणजे ज्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच जिल्ह्यात. दाराबाहेर ज्वारी, दाराआत चौदा पुडे!

हे मोजायची वेळ आली बाबांच्या शुगरच्या रिपोर्टमुळे. मी तेव्हा एस.वाय.ला होतो. डॉक्टरांनी 'खाण्यापिण्यावर लक्ष द्या' एवढंच सांगितलं होतं, उरलेलं सगळं मी रील्सवरून शिकलो. घरात ठराव मांडला: उद्यापासून रोज भाकरी, मोडाची कडधान्यं, पालेभाजी, बिस्किटं, नूडल्स, फरसाण बंद. ठराव मी मांडला, अनुमोदन बहिणीने दिलं आणि अंमलबजावणी आईने केली. ठराव एकोणीस दिवस टिकला. विसाव्या दिवशी सकाळी आई साडेपाचला उठलीच नाही. तिला ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. ती दमली होती, बस. त्या दिवशी नाश्त्याला नूडल्स झाल्या आणि कुणीच काही बोललं नाही.

'आजी खायची ते खा', 'मातीशी नातं जोडा', 'पाकीट सोडा, शेतातलं खा' असे सल्ले सध्या सगळीकडून येतायत. सरकार देतंय, डॉक्टर देतायत, इन्फ्लुएन्सर तर देतायतच. सल्ला चुकीचा नाही. पण त्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही आणि आमचा ठराव नेमका तिथेच मोडला. भाकरी हवी, हे ठीक. थापणार कोण?

'प्रोसेस्ड' म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोंधळ दूर करू. प्रक्रिया केलेलं सगळंच वाईट नसतं. पोहे म्हणजे प्रक्रिया केलेला तांदूळ. दही, लोणचं, कुरडया, गूळ, घाण्याचं तेल हे सगळं प्रक्रियेतूनच येतं. धान्य दळणं हीसुद्धा प्रक्रियाच.

ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले संशोधक कार्लोस मोन्तेरो यांनी २००९ मध्ये एक वेगळी विभागणी मांडली. तिला 'नोव्हा' म्हणतात. पदार्थात किती कॅलरी आहेत यापेक्षा तो कसा आणि कशासाठी बनवला गेला, हे ती बघते. पहिला गट जसंच्या तसं किंवा अगदी कमी प्रक्रिया केलेलं अन्न: भाजी, फळं, दूध, डाळी, पीठ. दुसरा गट स्वयंपाकाला लागणाऱ्या गोष्टी: तेल, मीठ, साखर. तिसरा गट या दोन्हींतून तयार झालेले साधे पदार्थ: लोणचं, चीज, ताजा पाव. आणि चौथा गट 'अल्ट्रा-प्रोसेस्ड': कारखान्यात अन्नाचे सुटे घटक काढायचे, त्यात रंग, स्वाद, इमल्सिफायर घालायचे आणि महिनोन्महिने टिकेल, चटकन उघडता येईल आणि हात थांबणार नाही असं काहीतरी बनवायचं.

मग आपला वडापाव कुठे बसतो? वडा चौथ्या गटात नक्कीच नाही. बटाटा, बेसन, मिरची, तेल, सगळं घरात असतं. रोज तळलेलं खाणं बरं नाही, हा मुद्दा वेगळा. पण गाड्यावरचा गरम वडा आणि सहा महिने टिकणारं चिप्सचं पाकीट या दोन वेगळ्या जाती आहेत.

हा फरक महत्त्वाचा का? अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या चमूने २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवण, दोन आठवडे साधं जेवण. दोन्ही ताटांत साखर, चरबी, मीठ, तंतू यांचं प्रमाण जवळपास सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवणावर असताना माणसं दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन जवळजवळ एक किलोने वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच कमी झालं. अभ्यास लहान आहे, पण मुद्दा लक्षात घ्या. अख्खं पाकीट एका बैठकीत संपतं, यात फक्त तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. तो पदार्थ मुळात तसा बनवलेला असतो.

एका हाताने सल्ला, दुसऱ्या हाताने सूट

आता बातम्यांकडे येऊ. गेल्या काही वर्षांतल्या बातम्या ओळीने लावल्या, तर एक गंमत दिसते.

मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि आयसीएमआरने भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहारामुळे आहे, असा अंदाज त्यात आहे. अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थ कमी करा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्याच्या महिनाभर आधी केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं होतं, की बोर्नव्हिटासह अशी सगळी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढा. कारण आपल्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची गोष्टच नाही! आपण सगळे लहानपणी काय पीत होतो, याचा विचार करा.

जानेवारी २०२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थांची व्याख्या ठरवा, पाकिटाच्या पुढच्या बाजूला इशारा छापा, मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती रोखा आणि 'आरोग्य कर' म्हणून या पदार्थांवर जादा कर लावण्याचा विचार करा, असं त्यात म्हटलं.

आणि मग २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. जीएसटीचे नवे दर लागू झाले. बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम, कॉर्नफ्लेक्स १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. पॅकबंद फरसाण आणि नूडल्स १२ वरून ५ वर. साखर घातलेली सोड्याची पेयं मात्र ४० टक्क्यांवर राहिली, म्हणजे सेस धरून आधी जेवढा कर होता तेवढाच. आता दुसरी बाजू बघा. लेबल लावलेल्या पिशवीतल्या ज्वारीच्या पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहेच. म्हणजे कराच्या नजरेत आज ज्वारीचं पॅकबंद पीठ आणि क्रीमचं बिस्किट एकाच रांगेत उभे आहेत. सुटं धान्य घेऊन गिरणीत दळलं तर कर नाही, हाच काय तो दिलासा.

इथे सरकारची बाजूही ऐकायला हवी. पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि चहा हा अनेक मजुरांचा सकाळचा नाश्ता असतो. त्यावर जादा कर लावला की चटका आधी त्यांनाच बसतो. महागाईत घरखर्च हलका व्हावा, हा कर कमी करण्यामागचा हेतू खोटा नाही. पण मग प्रश्न उरतो. बिस्किट स्वस्त करताना भाजी, फळं, डाळी, भरडधान्यं त्याहून स्वस्त होतील, याची सोय कोण करणार?

पाकिटावरच्या इशाऱ्याचं काय झालं, तेही बघा. एफएसएसएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटांना तारे देण्याचा मसुदा आणला. फ्रिजला असतात तसे, अर्ध्यापासून पाचपर्यंत. तज्ज्ञांचा आक्षेप असा, की यात थोडे तंतू, थोडे काजू घातले की जास्त साखर झाकली जाते आणि चांगले तारे मिळतात. चिलीने जून २०१६ पासून सरळ काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावलेत: 'साखर जास्त', 'मीठ जास्त'. वाचता न येणाऱ्यालाही कळेल, असे. आपल्याकडे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांची मुदत दिली. जुलैत ती आणखी तीन महिन्यांनी वाढली.

त्याच जुलैत आपण कशावर भांडत होतो, आठवतंय? समोसा आणि जिलेबी. कार्यालयांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा, असं पत्र आरोग्य मंत्रालयाने काढलं. नागपूरच्या एम्सचं नाव बातमीत आलं आणि 'समोशावर सिगारेटसारखा इशारा येणार' अशी हवा झाली. दोन दिवस मीम्स फिरल्या. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला, की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापा असं कुणीही म्हटलेलं नाही. गाडीवाल्याच्या समोशावर देशभर चर्चा झाली, आणि पाकिटावरचा शिक्का समितीत अडकून राहिला. त्या चर्चेत आपणही होतोच की.

भाकरी महाग कशी झाली?

आजोबा सांगतात, त्यांच्या लहानपणी चपाती सणाला किंवा पाहुणा आला तरच व्हायची. रोज भाकरीच. भाकरी म्हणजे गरिबी आणि चपाती म्हणजे थाट. आज उलटं झालंय. हायवेवरच्या हॉटेलांत 'चुलीवरची भाकरी' असा बोर्ड असतो आणि तिचा दर रोटीपेक्षा जास्त असतो.

हे आपोआप झालं नाही. रेशनवर कित्येक दशकं मुख्यतः गहू आणि तांदूळ आला. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेला परदेशी लाल मिलो जुन्या पिढीला अजून आठवतो, पण तो नाइलाजाचा घास होता. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य किलोला एक रुपयाने द्यायची तरतूद होती. प्रत्यक्षात घरात आला तो गहू-तांदूळच. जानेवारी २०२३ पासून तर हे धान्य फुकट मिळतं. महाराष्ट्रात सुमारे सात कोटी लोक या योजनेत आहेत.

दुसऱ्या बाजूला, २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. गव्हाचा त्याच वर्षीचा २,४२५. म्हणजे शेतातून निघतानाच ज्वारी गव्हापेक्षा किलोमागे तेरा रुपयांनी महाग. शेतकऱ्याला हा भाव मिळायलाच हवा, कारण रब्बी ज्वारीची काढणी अजून बरीचशी हातानेच होते आणि मजूर मिळत नाहीत. पण एका कुटुंबाला एक धान्य फुकट आणि दुसरं चाळीस-पन्नास रुपये किलो असेल, तर ते काय निवडेल? २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षात ज्वारी-नाचणीच्या कुकीज आणि नूडल्स भरपूर आल्या. तुमच्याकडे एखादा असा पुडा असेल तर यादी वाचा. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. अनेकदा पहिलं नाव मैदा असतं आणि ज्वारी-नाचणी बरीच खाली.

पोषणाच्या बाजूने मात्र ज्वारीचा हक्क पक्का आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनहून कमी. आणि 'स्थानिक' म्हणजे फक्त ज्वारीही नाही. कोकणात तांदूळ, नाचणी आणि कुळीथ. खानदेशात कळणाची भाकरी. नगर-नाशिककडे बाजरी. पूर्व विदर्भात भात आणि जवसाची चटणी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, ती देशी बियाणं जपण्याच्या कामासाठीच. आपल्या गावात आत्ता, या महिन्यात, काय पिकतंय हे माहीत असणं, ही 'स्थानिक'ची सर्वांत साधी व्याख्या.

हिशेब मिनिटांचा

आता परत आमच्या विसाव्या दिवसाकडे.

त्यानंतरच्या रविवारी मी घड्याळ लावून बसलो. ज्वारी निवडणं, दळून आणणं. पीठ एकदम महिन्याचं दळून चालत नाही, कारण जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणजे दर आठवड्याला गिरणी. मटकी आदल्या सकाळी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची. मेथीची एक जुडी निवडायला पंधरा मिनिटं, तीही सवयीच्या हाताला. आठ भाकऱ्या मळून, थापून, भाजून चाळीस मिनिटं, आणि त्या वेळात तव्यापासून हलता येत नाही. चटणी, वरण, भांडी वेगळी. नूडल्सच्या पुड्यावर काय लिहिलेलं असतं? दोन मिनिटं. कंपनी आपल्याला नूडल्स विकत नाही, आईची दीड तासाची सुटका विकते. आणि ती खरी सुटका असते, म्हणून तर विकली जाते.

हे फक्त आमच्या घरचं नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. पुरुष ८८ मिनिटं. आणि हे ८८ सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचेच. अजिबात न करणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत. माझी आई पतसंस्थेत नोकरी करते, दहाला हजर असावं लागतं. तिच्या दिवसात आणखी दीड तास कुठून येणार? तो झोपेतून आला. एकोणीस दिवस आला, मग संपला.

मग घरं काय करतात? पैसे देऊन वेळ विकत घेतात. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चातला १०.६४ टक्के हिस्सा पेयं, तयार जेवण आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर गेला. धान्यावर फक्त ३.६४. गावातही चित्र फार वेगळं नाही: ९.६२ आणि ४.९१. आपण याला 'लोकांच्या जिभेचे चोचले' म्हणतो. मला त्यात दमलेल्या माणसांचा हिशेब दिसतो.

पैशांचीही एक बाजू आहेच. पोषण संस्थेच्या ताटानुसार एका माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळं हवीत. चार माणसांचं घर म्हणजे रोज एक किलो सहाशे ग्रॅम भाजी. किलोला साठ रुपये धरले तरी महिन्याला जवळजवळ तीन हजार, फक्त भाजीचे. ज्यांना हे परवडत नाही, त्यांना 'हेल्दी खा' असं ऐकवणं सोपं असतं. म्हणून दुसऱ्याच्या डब्यातलं पाकीट बघून नाक मुरडू नका. तुम्हाला त्याचं घर माहीत नसतं.

ब्राझीलने हे वेळीच ओळखलं. २०१४ च्या त्यांच्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेत चांगल्या खाण्याच्या वाटेतले अडथळे मांडलेत. त्यात वेळ हा एक अडथळा आहे, आणि त्यावर सल्ला असा, की बाजारहाट, स्वयंपाक, आवराआवर ही कामं घरातल्या सगळ्यांनी, पुरुषांनीसुद्धा, वाटून घ्यावीत. सरकारी आहार पुस्तकात घरकामाची वाटणी! मला वाटतं, आपल्याकडे नेमका हाच सल्ला राहून गेलाय.

मग तुम्ही काय करू शकता?

तुम्ही कॉलेजात आहात. घरखर्चाचा निर्णय बहुधा तुमच्या हातात नाही. पण घरातल्या सगळ्यांपेक्षा थोडा जास्त वेळ तुमच्याकडे आहे, हे परीक्षेचे दिवस सोडले तर मान्य करा. तेव्हा ठराव मांडण्याआधी एक काम उचला. 'आईला मदत' म्हणून नको. आपल्या नावावर असलेलं, आपण नाही केलं तर होणारच नाही, असं काम.

आमच्या घरी दुसऱ्यांदा सुरुवात झाली ती अशी. गिरणी आणि आठवडी बाजार माझ्याकडे. भाजी निवडणं आणि कडधान्यं भिजवणं बाबांकडे, टीव्ही बघता बघता होतं ते. रात्रीची भांडी बहीण आणि मी आलटूनपालटून. आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी भाकऱ्या मी करतो. पहिल्या महिन्यात माझ्या भाकऱ्यांना महाराष्ट्राच्या नकाशाचा आकार यायचा. मग आईने युक्ती शिकवली: उकळत्या पाण्यात उकड काढून पीठ मळलं की थापताना चिरत नाही. आता फुगते. गोल अजून होत नाही, पण नकाशा पोटात गेल्यावर कोण बघतंय? उरलेले चार दिवस चपाती, खिचडी, भात. रोज भाकरीच हवी, हा हट्ट आम्ही सोडला, म्हणूनच हे टिकलं.

एकदम सगळं बदलू नका. एक जेवण निवडा. नाश्त्यापासून सुरुवात सर्वांत सोपी, कारण पाकिटांनी सर्वांत जास्त जागा तिथेच घेतलीय. पोहे, उपीट, घावन, थालीपीठ, आंबोळी. भाजणी एकदा करून ठेवली की महिनाभर चालते. परदेशी 'सुपरफूड'च्या मागे जायच्या आधी राजगिरा, अळीव, शेवग्याचा पाला, अंबाडी यांची ओळख करून घ्या. हॉस्टेलवर गॅस नसेल तर भाजलेले चणे-शेंगदाणे, गूळ, केळी, काकडी, दही-पोहे, सातूचं पीठ. यातल्या एकालाही शेगडी लागत नाही.

पुडे वाचायची सवय लावा, पण घरात पोलीस होऊ नका. बाबांच्या चहाबरोबरचं एक बिस्किट हिसकावून कुणाचीच शुगर उतरत नाही, फक्त बाबा लपून खायला लागतात. हे मी करून पाहिलंय. आणि औषधं, पथ्य यांचा निर्णय डॉक्टरांचाच. भाकरी गोळीच्या जागी येत नाही.

तिसरं काम घराबाहेरचं, आणि ते तुम्हीच करू शकता. यूजीसीने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये विद्यापीठांना, कॉलेजांना जंक फूड बंद करायची सूचना दिली होती. तुमच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बघा, काय दिसतं. नुसती बंदी मागून उपयोग नाही. उपाशी पोरं गेटबाहेर जाऊन तेच खातील. मागायचं असेल तर हे मागा: रोज एक ताजा, स्वस्त, पोटभरीचा पदार्थ, उसळ-भाकरी किंवा वरण-भात, आणि तो पाकिटापेक्षा स्वस्त. ब्राझीलमध्ये शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदी करायचा, असा कायदा २००९ मध्ये झाला. आपल्या कॉलेजच्या मेसने आसपासच्या शेतकऱ्यांकडून, बचत गटाकडून ज्वारी, डाळ, भाजी घ्यायला कुणाची ना आहे? एका स्वयंपाकघरात दोनशे भाकऱ्या झाल्या तर दोनशे घरांतली तेवढी मिनिटं वाचतात. भाकरी थापणाऱ्या बाईला त्याचे पैसे मिळतात. घरी ते कुणालाच मिळत नाहीत.

आणि चौथं. पाकिटावरच्या इशाऱ्याची, कराच्या दरांची पुढची बातमी आली की ती वाचा, समोशाच्या मीमपलीकडे जाऊन. एफएसएसएआय मसुद्यांवर नागरिकांच्या हरकती मागवते. तिथे कंपन्यांची माणसं लिहितातच. तुम्हीही लिहा. चार ओळी पुरतात.

परवा आम्ही घरी पुन्हा पुडे मोजले. सहा निघाले. शून्य नाहीत, होणारही नाहीत बहुतेक. बाबांचा नवा रिपोर्ट आधीपेक्षा बरा आहे. त्यात औषध किती, चालणं किती आणि भाकरी किती हे डॉक्टरच जाणोत. मला स्वतःला जो बदल मोजता येतो तो वेगळा आहे. आई आता सहा वाजेपर्यंत झोपते.

तुमच्या ओट्यावर पुडे अजून तसेच मांडलेले असतील. मोजून झाले असतील तर आत ठेवा. आणि ठेवता ठेवता, आज रात्रीच्या जेवणातलं कुठलं काम आपलं, तेवढं ठरवून टाका.